लिस्बनमध्ये तीन रात्री: काय बघायचं, काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा. म्युनिकला राहणारं कुटुंब एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लिस्बनला चाललंय. शुक्रवारी दुपारी पोहोचणार, सोमवारी संध्याकाळी परतीचं विमान. मधल्या शनिवारी २५ एप्रिल येतो. सोबत बारा वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई शाकाहारी, गुडघे दुखरे, पण हौस दांडगी. विचारलंय ते असं: सिंत्रा आणि काश्काइश ही लिस्बनजवळची दोन्ही गावं बसतील का, लिस्बन कार्ड (प्रवास आणि प्रवेश यांचा एकत्र पर्यटक पास) घ्यावं का, २८ नंबरच्या ट्राममध्ये बसायलाच हवं का, आणि राहायला अल्फामा हा टेकडीवरचा जुना भाग कसा?

मी मराठी मंडळींचे छोटे गट युरोपात नेते. लिस्बन माझ्याकडे वारंवार येतं, म्हणून आधी उत्तर देऊन टाकते आणि कारणं मागाहून सांगते. सिंत्रा नको. काश्काइश तर नकोच. कार्डाची तुम्हाला गरज नाही. ट्राम बघा, तिच्यासाठी रांगेत तास घालवू नका. आणि अल्फामात हिंडा, पण मुक्काम तिथे करू नका.

शहर समजून घ्यायला एक तारीख लक्षात ठेवा: १ नोव्हेंबर १७५५. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा चर्चं माणसांनी भरलेली होती आणि वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. जी माणसं वाचली ती मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावली, तर तासाभराच्या आत तिकडून त्सुनामीची लाट आत शिरली. त्यानंतर लागलेली आग कित्येक दिवस जळत होती. नदीकाठचा राजवाडा, त्यातलं ग्रंथालय, त्याच वर्षी उघडलेलं नवंकोरं ऑपेरागृह, सगळं गेलं. राजा जुझे पहिला त्या सकाळी बेलेमला होता म्हणून वाचला. त्याने दगडी छताची अशी धास्ती घेतली की पुढे आजुदाच्या टेकडीवर लाकडी राजवाडा बांधून त्यात राहिला.

तुमच्या तीन दिवसांना हे उपयोगी पडतं, कारण लिस्बनचे बघण्यासारखे तीन भाग या भूकंपाने आपोआप वेगळे केलेत. मधला सखल बायशा भाग कोसळला आणि पुन्हा आखून बांधला गेला. शेजारची अल्फामाची टेकडी पक्क्या खडकावर असल्यामुळे बरीचशी तगली, म्हणून तिथल्या गल्ल्या आजही जुन्या, वेड्यावाकड्या. पश्चिमेला सहाएक किलोमीटरवरचं बेलेमही वाचलं, म्हणून सोळाव्या शतकातलं वैभव मुख्यतः तिथेच उभं दिसतं. एका दिवशी एकच भाग करा. गडबड होते ती सकाळी बेलेम, दुपारी किल्ला, संध्याकाळी शियादो असं एका दिवसात कोंबल्यामुळे. नकाशावर हे सगळं जवळ दिसतं. नकाशा चढ दाखवत नाही.

आता मुक्काम. अल्फामातली घरं फोटोत फार गोड दिसतात. प्रत्यक्षात गाडी दारापर्यंत जात नाही, इमारतीला लिफ्ट नसते, आणि जिना असा अरुंद की बॅग डोक्यावर धरून चढावं लागतं. बाइरो आल्तोमध्ये रात्री दोनपर्यंत रस्त्यावर पार्ट्या चालतात. तुम्ही रोसिओ, रेस्टाउरादोरेस किंवा आव्हेनिदा दा लिबेर्दादच्या खालच्या टोकाजवळ हॉटेल बघा. तिथे सपाट रस्ता आहे आणि मेट्रो जवळ आहे. आरक्षण करण्याआधी लिफ्ट आहे का हे लेखी विचारा, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून आहे का हेही विचारा. अर्धा मजला चढून मग लिफ्ट, हा प्रकार जुन्या इमारतींत सर्रास असतो. शहराचा पर्यटक कर सध्या माणशी दर रात्री ४ युरो आहे. तेरा वर्षांखालच्या मुलांना तो नाही, म्हणजे तुम्ही तिघांचाच धरा.

विमानतळ शहरातच आहे. लाल मार्गाची मेट्रो विमानतळावरूनच सुटते. आलामेदाला हिरव्या मार्गावर बदललं की थेट रोसिओ. तरी सासूबाई आणि सामान असताना मी पहिल्या दिवशी बोल्ट किंवा उबर घेईन. चौघांत भाडं वाटलं तर फरक किरकोळ पडतो. मेट्रोच्या यंत्रावर प्रत्येकाचं वेगळं नाव्हेगांत कार्ड घ्या. एका कार्डावर दोघं जाता येत नाही, यावरून फाटकापाशी रोज कुणीतरी अडकलेलं दिसतं. त्यावर झॅपिंग म्हणून पैसे भरून ठेवा. मेट्रो, बस, ट्राम, फेरीबोट, उपनगरी रेल्वे, सगळीकडे तेच चालतं. ट्रामच्या चालकाकडून रोखीने तिकीट घेतलं तर बरंच महाग पडतं.

लिस्बन कार्ड फायद्याचं ठरतं ते दिवसाला तीन-चार सशुल्क ठिकाणं करणाऱ्यांना. तुमचा वेग तो नाही, आणि नसावाच. शिवाय सासूबाईंना बऱ्याच ठिकाणी ६५ वर्षांवरच्यांची सवलत मिळते. त्यांचा पासपोर्ट जवळ ठेवा.

शुक्रवारी फक्त बायशा करा. सगळा सपाट आहे, प्रवासाच्या शिणात जमतो. हा भाग पुन्हा उभारला तो मंत्री सेबास्तिआंव जुझे द कार्व्हाल्यो इ मेलोने. पुढे त्याला मार्केस द पोंबाल ही पदवी मिळाली आणि इतिहासात तो त्याच नावाने राहिला. माणूस कठोर होता, विरोधकांना त्याने निर्दयपणे चिरडलं, पण नगररचना बघाल तर थक्क व्हाल. काटकोनात छेदणारे रस्ते, सारख्या उंचीची घरं, आणि प्रत्येक रस्ता एकेका धंद्याला दिलेला. रुआ दो ऑरु सोनारांचा, रुआ दा प्राता चांदीवाल्यांचा, रुआ दोस सापातेइरोस चांभारांचा. भिंतींच्या आत लाकडी तिरक्या फळ्यांचा सांगाडा घालायची पद्धत काढली, त्याला तिथे गायओला म्हणजे पिंजरा म्हणतात. दगडमाती ढासळली तरी पिंजऱ्याने घर तोलून धरावं, ही कल्पना. नमुना तयार करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून तो हलवून पाहिला, असं सांगतात.

हा सगळा भाग गाळावर उभा आहे, म्हणून इमारतींच्या पायात लाकडी खुंट ठोकलेत. ते डोळ्यांनी बघायची एक जागा आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. रुआ दोस कोरेएइरोसवर एका मोठ्या बँकेच्या इमारतीखाली उत्खनन जपून ठेवलंय. काचेच्या जमिनीवरून चालताना खाली रोमन काळातले मासे खारवायचे हौद दिसतात, आणि त्यांच्यातूनच बेदरकारपणे आरपार ठोकलेले अठराव्या शतकातले पाइनचे खुंट. खालच्या भूजलात भिजत राहिल्यामुळे ते कुजलेले नाहीत. सोबत मार्गदर्शक देतात, प्रवेश फुकट असतो, पण वेळ आधी ठरवावी लागते आणि रविवारी बंद असतं. तुमच्या मुलीला इथे नक्की न्या. शाळेत भूकंप शिकवतात त्यापेक्षा हे जास्त लक्षात राहील.

पोंबालने आणखी एक गोष्ट केली होती. देशभरच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली: हादरा किती वेळ टिकला, किती घरं पडली, समुद्र आधी मागे गेला की पुढे आला, नंतर किती धक्के बसले. ती उत्तरं तोर्रे दो तोम्बोमध्ये, म्हणजे राष्ट्रीय दप्तरखान्यात, अजून आहेत. देवाचा कोप म्हणून प्रवचनं झोडणाऱ्या काळात मोजमाप मागणारा हा माणूस मला म्हणूनच विसरता येत नाही.

अंधार पडायच्या आत रोसिओच्या कोपऱ्यातलं साव दोमिंगोस चर्च बघून घ्या. १९५९ मध्ये ते आतून जळालं. छत नवं घातलं, पण खांब मुद्दाम तसेच ठेवलेत, तडकलेले, साल निघाल्यासारखे, तांबूस काळे. चर्चसमोरच्या चौकात १५०६ च्या कत्तलीचं स्मारक आहे. जबरदस्तीने बाटवलेल्या ज्यू लोकांना जमावाने इथे सलग काही दिवस ठार मारलं होतं. लिस्बन म्हणजे पिवळ्या ट्राम आणि निळ्या टाइल्स एवढंच नाही, ते या एका चौकात कळतं. जाता जाता एक सूचना: रुआ ऑगस्टावर एखादा माणूस जवळ येऊन दबक्या आवाजात गांजा, चरस विचारतो. माल बहुधा बनावट असतो. मान हलवून पुढे चालू लागा, तो मागे लागत नाही.

शनिवारी अल्फामाची टेकडी. इथे सासूबाईंच्या गुडघ्यांचा हिशेब नीट करू. चढण गाडीने करा आणि उतार चालत या, असं सगळे सांगतात. पण दुखऱ्या गुडघ्यांना उतार जास्त छळतो, त्यातून पायऱ्यांचा उतार. शिवाय तिथल्या फुटपाथांवर छोटे चुनखडी दगड बसवलेत, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेत आणि पावसाच्या दोन थेंबांत साबणासारखे होतात. एप्रिलमध्ये सर येऊ शकते. रबरी तळाचे बूट घ्या, नवे घेऊ नका. टेकडीवर जाणं आणि येणं दोन्ही वाहनाने करा, चालायचं ते वरच्या सपाट भागात.

वर जायला प्रासा दा फिगेइरावरून ७३७ नंबरची छोटी बस किल्ल्यापर्यंत जाते. दुसरी वाट फुकटची आहे: रुआ दोस फांकेइरोसवरच्या एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती रुआ दा मादालेनाच्या पातळीला सोडते. तिथून थोडं चालून एका सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट घ्यायची, की तुम्ही किल्ल्याच्या कुशीत. पर्यटक समोरच्या उभ्या पायऱ्या चढताना धापा टाकत असतात आणि बाजार केलेल्या आज्या पिशव्या घेऊन या लिफ्टने वर जातात.

साव जॉर्ज किल्ल्यात जावं का? तुमच्या जागी मी नाही जाणार. पहिला राजा आफोंसो एन्रिकेस याने ११४७ मध्ये मूर, म्हणजे मुस्लिम, सत्तेकडून शहर जिंकलं ते इथेच, हे खरं. पण आज दिसणारी तटबंदीची रेखीव कंगोरे-शोभा बरीचशी हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतल्या १९४० च्या आसपासच्या डागडुजीची आहे. आतली जमीन उंचसखल, तिकीट तगडं. मुलीला मोर आवडत असतील तर गोष्ट वेगळी, किल्ल्यात ते मोकळे हिंडतात.

त्याऐवजी साव विसेंत द फोरा हा मठ धरा. पर्यटक त्याच्या बाहेरून जातात, आत थोडेच येतात. आतल्या चौकांच्या भिंती निळ्या-पांढऱ्या टाइल्सनी मढलेल्या आहेत. वरच्या मजल्यावर फ्रेंच लेखक ला फोंतेनच्या प्राणिकथांचे फलक आहेत: कोल्हा आणि द्राक्षं, लांडगा आणि कोकरू. बारा वर्षांच्या मुलीला कुठली गोष्ट कुठली ते ओळखायला लावा, तास कसा गेला कळणार नाही. गच्चीवरून नदी, पँथिऑनचा पांढरा घुमट आणि खाली अल्फामाची कौलं दिसतात. मात्र गच्चीपर्यंत जिने आहेत, तेव्हा सासूबाईंना खालच्या चौकात बाकावर बसवून या.

याच मठात पोर्तुगालच्या ब्रागान्सा राजघराण्याच्या समाध्या आहेत आणि त्यांत कॅथरीन. १६६१ च्या विवाह करारात पोर्तुगालने मुंबईचं बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिलं, ती हीच राजकन्या. नवरा वारल्यावर ती लिस्बनला परत आली आणि १७०५ मध्ये याच शहरात गेली. मुंबईकरांना तिथे उभं केलं की आधी हसतात आणि मग फोटो काढतात. शनिवारी मठाच्या मागच्या मैदानात फेइरा दा लाद्रा हा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. जुन्या टाइल्स विकायला असतात, पण त्या घेऊ नका. जुन्या इमारतींच्या भिंतींवरून उचकटून चोरलेल्या टाइल्स बाजारात येतात, हा तिथला मोठा प्रश्न आहे. नव्या हव्या असतील तर दुकानात मिळतात.

मठापासून पोर्तास दो सोलचा सज्जा चालण्याच्या अंतरावर. कॉफी घ्या आणि बसा. २८ नंबरची ट्राम इथे तुमच्या समोरून जाते, गल्ली इतकी अरुंद की माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहतात. बाहेरून बघण्यातच तिची खरी मजा आहे. आत बसायचंच असेल तर मार्ती मोनिझला, तिच्या पहिल्या थांब्यावर, रांगेत उभे राहू नका. सकाळी आठच्या आधी दुसऱ्या टोकाहून, काम्पो द ओरिकमधल्या प्राझेरेस स्मशानभूमीपासून चढा. नाहीतर २४ नंबरची घ्या. डबे तसेच जुने लाकडी, गर्दी निम्मी. खिसेकापूंचं म्हणाल तर २८ ही त्यांची हक्काची जागा, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. रस्त्यावरच्या फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढ चढणाऱ्या, गाड्यांवर बेत आखू नका. ३ सप्टेंबर २०२५ ला त्यांतल्या ग्लोरिया नावाच्या मार्गावरच्या गाडीचा दोर तुटून १६ माणसं गेली, आणि नंतर बाकीच्याही तपासणीसाठी थांबवल्या होत्या.

२५ एप्रिल हा तिथला स्वातंत्र्याचा दिवस. १९७४ मध्ये याच दिवशी लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली आणि लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशन खोवली. दुपारी तीनच्या सुमारास आव्हेनिदा दा लिबेर्दादवरून मोर्चा निघतो, रोसिओकडे उतरतो. आजोबा-आजी, नातवंडं, प्रत्येकाच्या हातात लाल फूल. तुमचं हॉटेल तिथेच असेल तर दारातून बघता येईल. गर्दी सौम्य असते. सुट्टीमुळे दुकानं आणि संग्रहालयांच्या वेळा मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा. बस-ट्रामही त्या दुपारी वळवतात.

रविवारी बेलेम. सोमवारी ठेवू नका, जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. जायला १५ नंबरची ट्राम आहे, पण ती खच्चून भरते. कैश दो सोद्रेहून काश्काइशची लोकल पकडा, बेलेमला सात-आठ मिनिटांत पोहोचते. मठाच्या अंतर्चौकाचं सकाळचं पहिलं तिकीट ऑनलाइन काढा. चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा ते दुपारसाठी ठेवा.

मठाचं बांधकाम १५०१-०२ च्या सुमाराला राजा मानुएल पहिला याने सुरू केलं, आणि पैसा आला मसाल्यांतून. आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर साधारण पाच टक्के कर बसवला होता, त्याला मिऱ्यांचा विसावा हिस्सा म्हणत. म्हणजे मलबारच्या मिरीने हे कोरीवकाम झालंय. अंतर्चौकातल्या खांबांवर जहाजाचे दोर, गाठी, समुद्री वेली, अनोळखी प्राणी कोरलेत. वर बघत फिरू नका, एका खांबासमोर पाच मिनिटं उभे राहा. कोरीवकाम दर खांबाला वेगळं आहे. चर्चमध्ये शिरताच दोन्ही बाजूंना दोन समाध्या: एक वास्को द गामाची, दुसरी कवी कामोंइशची. गामा १५२४ मध्ये कोचीला मेला, तिथेच पुरला, मग काही वर्षांनी पोर्तुगालला नेला. त्याने मलबार किनाऱ्यावर काय क्रौर्य केलं ते तिथल्या कुठल्याही पाटीवर नाही. मुलीला ते तुम्हीच सांगा.

बेलेमच्या बुरुजात आत जाण्याचा अट्टाहास सोडा. आत एकच अरुंद गोल जिना आहे, वर जाणाऱ्यांना थांबवून खाली येणाऱ्यांना सोडतात. बाहेरून मात्र एक गोष्ट शोधायला लावा. वायव्येकडच्या टेहळणी-कोठीच्या तळाशी, पाण्याच्या वर, एक झिजलेलं दगडी डोकं आहे. तो गेंडा आहे, आणि तो आपल्याकडचा. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला भेट दिला, गोव्याहून जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढवला, २० मे ला लिस्बनला उतरवला. हजार वर्षांत युरोपने जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्ती बिचारा बघताक्षणी पळाला. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात बांधलेला गेंडा त्यात गेला. जर्मन चित्रकार ड्युररने तो कधी पाहिला नव्हता. लिस्बनहून आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याने ठसा केला, अंगावर चिलखताचे पत्रे असलेला गेंडा. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हटलं की तोच दिसत राहिला. ड्युरर न्यूरेम्बर्गचा, म्हणजे तुमच्या बव्हेरियातलाच. मुलीच्या शाळेत हे चित्र कुठेतरी असेलच.

१८३७ पासूनच्या पास्तेइश द बेलेम या कस्टर्ड टार्टच्या दुकानाबाहेरची रांग बघून घाबरू नका. ती घरी न्यायची रांग आहे. आत खोल्यांमागून खोल्या आहेत, बसायला जागा लवकर मिळते. गरम मागा, वर दालचिनी भुरभुरवा, लगेच खा. गार झालं की कडेचा कुरकुरीतपणा जातो आणि उरते नुसती गोड कस्टर्ड. यात अंड्याचे बलक असतात, हे सासूबाईंना आधी सांगा. मठांमध्ये कपड्यांना खळ द्यायला अंड्यातलं पांढरं वापरत आणि उरलेल्या बलकाचं गोड करत, म्हणून पोर्तुगीज मिठाया बहुतेक पिवळ्याच.

सासूबाईंच्या जेवणाचं नियोजन कराच, कारण पोर्तुगीज स्वयंपाक मासे आणि डुक्कर यांच्यावर उभा आहे. काल्दो व्हेर्द हे हिरव्या पानांचं सूप निष्पाप दिसतं, पण त्यात सॉसेजची चकती असते. सोपा द लेगुमेस म्हणजे भाज्यांचं सूप बहुतेक ठिकाणी मिळतं, तरी 'सें कार्ने, सें पेइश' म्हणजे मांस नको, मासा नको, हे सांगा. टोमॅटो-भात, चीज, ब्रेड, ऑलिव्ह, ऑम्लेट चालत असेल तर ऑम्लेट. उपाहारगृहातल्या काउंटरवर शामूसा दिसेल, तो गोव्यातून आलेला समोसाच, पण आत बहुधा खिमा असतो, विचारून घ्या. मार्ती मोनिझच्या आसपास भारतीय, बांगलादेशी, नेपाळी हॉटेलं भरपूर आहेत. वरणभाताची आठवण आली तर तिकडे वळा.

टेबलावर न मागता ब्रेड, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. त्याला कुव्हेर्त म्हणतात आणि तो फुकट नसतो. हात लावला नाही तर पैसे लागत नाहीत. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा, कुणाला राग येत नाही. दुपारी 'प्रातो दो दिया' म्हणजे त्या दिवसाचा खास पदार्थ बघा, पर्यटकांच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत स्वस्त आणि ताजं असतं. मेन्यूवर जेवणाचे रंगीत फोटो असलेलं हॉटेल टाळा.

फादोचं, म्हणजे तिथल्या पारंपरिक शैलीचं, गाणं ऐकायचं असेल तर शनिवारी किंवा रविवारी रात्री अल्फामात, जेवणासकट. आधी जागा राखा आणि किमान खर्च किती ते विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी नुसतं गाणं ऐकायला येऊ देत नाहीत. दिवे मंद होतात आणि बोलणं बंद. वेटरसुद्धा तेवढा वेळ वाढत नाहीत. दोन बैठकी ऐका, तिसरीला मूल झोपतं. तिकडून परतताना टॅक्सी करा.

सिंत्राबद्दल. रोसिओहून लोकलने चाळीसएक मिनिटं, पेना राजवाडा सुंदर, बागा सुंदर, सगळं खरं. पण पेनाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, स्टेशनवरून वर नेणाऱ्या बसला रांग, फाटकापासून राजवाड्यापर्यंत पुन्हा चढ. दिवस त्यातच जातो, काश्काइशला वेळ उरतच नाही. सासूबाईंना त्यातलं रांगेत उभं राहणं तेवढं आठवेल. पाच रात्री असत्या तर हो म्हटलं असतं. त्याऐवजी रविवारी बेलेमहून परतताना कैश दो सोद्रेला उतरलात की शेजारच्याच धक्क्यावरून कासिल्यासची फेरीबोट पकडा. दहा मिनिटांत तेजो नदी पार होते. उन्हं कलताना सातही टेकड्यांचं शहर पाण्यावरून समोर दिसतं, उजवीकडे-डावीकडे मान वळवली की १९६६ चा लाल झुलता पूल. झॅपिंगमधून किरकोळ पैसे कापले जातात. सासूबाईंना खिडकीची जागा द्या.

सोमवारी सकाळी शियादो आणि कार्मो. चढ नको म्हणून सांता जुस्ताच्या १९०२ च्या लोखंडी लिफ्टसाठी लोक तासभर थांबतात. बायशा-शियादो मेट्रो स्टेशनच्या खालच्या दारातून आत शिरा, लांबलचक सरकत्या जिन्यांनी वर जा, वरच्या दारातून शियादोत बाहेर पडा. फाटक ओलांडावं लागत नाही, म्हणून तिकीटही लागत नाही. तिथून कार्मोचा चौक जवळ. कार्मोच्या चर्चचं छत १७५५ मध्ये पडलं ते पूर्ण पुन्हा घातलंच नाही. दगडी कमानी उभ्या आहेत आणि वर मोकळं आकाश. रविवारी बंद असतं, सोमवारी उघडं.

चर्चला लागूनच निमलष्करी दलाची कचेरी आहे. २५ एप्रिल १९७४ ला पंतप्रधान मार्सेलो काएतानो तिथे लपून बसला होता, आणि बाहेर या छोट्याशा चौकात झाडांवर चढून लोक वाट बघत होते. संध्याकाळी त्याने शरणागती दिली. गोवा आपण १९६१ मध्येच मुक्त केला होता, पण लिस्बनने ते मान्य केलं नव्हतं. ही राजवट पडल्यावरच, ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. शनिवारी मोर्चा बघितलेला असेल तर सोमवारी या चौकात मुलीला जास्त काही समजावावं लागणार नाही.

दुपारी सामान हॉटेलात ठेवायला सांगा, बहुतेक जण ठेवतात. म्युनिकचं विमान शेंगेनमधलंच, पासपोर्ट तपासणी नाही, तरी त्या विमानतळावर सुरक्षा तपासणीची रांग अचानक वाढते, दोन तास आधी पोहोचा. झॅपिंगमध्ये पैसे उरले असतील तर मेट्रोनेच जा. कार्डातली शिल्लक परत मिळवायच्या खटपटीत पडू नका.